दोन नंबरचा रिमोट

भूत, करणी, अंगात येणं यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही. शिक्षण चौथीपर्यंत झालं, पण अक्कल चौथीत थांबली नव्हती. साताऱ्यात एमआयडीसीच्या अलीकडे आमची पिठाची गिरणी होती. नवऱ्याने फौजेतून पेन्शनीवर आल्यावर घातली, तो गेल्यावर मी चालवली. दळणाला येणाऱ्या बायका रोज काहीतरी सांगायच्या — हिच्या सुनेला झपाटलं, तिच्या दारात लिंबू सापडलं. मी म्हणायची, लिंबू ताजं असेल तर सरबत करा. तेव्हा असल्या अनुभवांच्या सदरात मी लिहीन असं कोणी म्हटलं असतं तर त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण जे डोळ्यांनी बघितलं ते बघितलं.

गोष्ट नव्वदनंतरची. घरोघर केबल येत होती तेव्हाची. माझा मुलगा अनिल फौजेत, मुलगी सुनंदा त्याच्या पाठची. एका भाऊबीजेला अनिल सुट्टीवर आला आणि ओवाळणीत बहिणीला साडी न देता टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम दिला. लाल-पांढरा डबा, वर कॅसेट खोचायची, पुढे दोन भोकं आणि त्यात दोन रिमोट. मी म्हटलं, पोरीची जात, लग्नाला आली, आणि हे काय आणलंस. पण सुनीचा चेहरा बघून गप्प बसले.

दोघांची आवडती गेम रणगाड्यांची. अनिल एक नंबर, त्याचा रणगाडा पिवळा. सुनी दोन नंबर, तिचा हिरवा. खाली मधोमध विटांच्या कोंडाळ्यात एक पक्षी असतो, तो राखायचा. वरून शत्रूचे रणगाडे येतात. आणि त्यात एक गंमत होती. आपल्याच जोडीदाराला आपली गोळी लागली तर तो मरत नाही, पण जागच्या जागी खिळतो. नुसता लुकलुकत राहतो. हलता येत नाही. तेवढ्यात शत्रू आला की संपला, एक लाईफ गेली.

सुनीची एक खोड होती. डाव सुरू झाला की आधी रणगाड्याचं तोंड डावीकडे-उजवीकडे हलवायची, बैल नको म्हणतो तसं. भावाला चिडवायला. आणि अनिलने लबाडी केली की वळून त्यालाच गोळी घालायची. तो ओरडायचा, "आई, ही बग, आपल्याच माणसाला मारतीया."

सुनी म्हणायची, "आपलं मानूस लबाड असलं तर आदी त्येलाच मारायचं."

तिचं लग्न फलटणकडच्या एका साखर कारखान्यातल्या मुलाशी झालं. नाव विलास. कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या होत्या. गेम ती सोबत घेऊन गेली. थोड्या दिवसांत तिच्यापेक्षा त्यालाच नाद लागला. ड्यूटी सुटली की टीव्हीसमोर मांडी. ताट हातात द्यायचं, पाणी हातात द्यायचं. सुनी हसून सांगायची, "आये, मला दोन नंबरचा रिमोट बी देत न्हाई गं." मला तेव्हा त्यात हसण्यासारखंच वाटलं. एक मुलगी झाली, तिला आम्ही छकुली म्हणायचो.

छकुली अजून बोबडं बोलत होती तेव्हा सुनी गेली. चाळीमागे उसाच्या पाचटाचा ढीग होता. बंबाला जाळायला पाचट ओढताना त्यातला नाग हाताला चावला.

पुढचं मला चाळीतल्या तिच्या शेजारणीने मयताच्या दिवशी सांगितलं. सुनी घरात आली, उंबऱ्यात बसली आणि नवऱ्याला म्हणाली, काहीतरी चावलंय. तो टीव्हीसमोर होता. त्याने मान वळवली नाही. म्हणाला, "बेडूक-बिडूक आसंल. ही लाईफ संपू दे, मग बगतो."

लाईफ संपली. मग दुसरी असणार. पोरगी रडायला लागली म्हणून शेजारीण डोकावली. सुनी भिंतीला टेकून बसलेली. पापण्या उतरलेल्या, जीभ जड झालेली, हात-पाय लुळे. डोळे मात्र शेजारणीकडे वळले. ऐकू येत होतं तिला, हलता येत नव्हतं... आणि आतून गेमचा टुंई-टुंई आवाज चालू. मग धावपळ, जीप. दवाखाना काही लांब नव्हता, पण वाटेतच गेली.

पोलिसांनी लिहिलं — सर्पदंश. खरंच होतं ते. त्या सापाचा मला राग नाही. साप पाचटात होता, त्याच्या जागी. हा घरात होता.

आमच्यात गेलेल्या माणसाची हातातली वस्तू घरात ठेवत नाहीत. वस्तूत जीव अडकतो म्हणतात. मी तेही मानत नव्हते, पण रीत म्हणून करायचं. मी हट्टाने अस्थी संगम माहुलीला आणवल्या. बायकांनी जायचं नसतं म्हणाले. मी गेले. तिच्या बांगड्या, फणी आणि जावयाच्या घरातून माझ्या हाताने पिन ओढून आणलेला दोन नंबरचा रिमोट, त्याची वायर त्यालाच गुंडाळून, कृष्णेत सोडला. अनिल शेजारी उभा होता. म्हणाला, "आई, गेम अर्धी झाली." मी म्हटलं, अर्धी तिची होती, तिला दिली.

छकुलीला मी घेऊन आले. विलासला तेव्हा काही अडचण नव्हती. पोरगी सांभाळायला कोण होतं त्याच्याकडे?

वर्षभराने आंब्याच्या दिवसांत तो पोरीला भेटायला आला. पिशवीत गेमचा डबा. म्हणाला, "मामी, पोरीला खेळाय ऱ्हाऊ दे." मला नवलच वाटलं. बायको गेली तरी न सोडलेली वस्तू हा माणूस आपण होऊन परत देतोय. छकुली मागे लागली, बाबा तुम्ही लावून दाखवा. तो टाळत होता. शेवटी बसला. एका माणसाचा डाव लावला, पिवळा रणगाडा आला.

आणि शेजारी हिरवा आला.

मी सूप घेऊन दारात उभी होते. हिरव्याने तोंड डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे हलवलं. डब्याचं दुसरं भोक रिकामं होतं. विलासने कॅसेट खटकन उपसली. "व्होल्टेज हो. तुमच्या गिरणीमुळं." त्याच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला कळलं की डबा दानत म्हणून परत आलेला नव्हता. फलटणलाही हेच होत असणार.

मी कोणाला काही बोलले नाही. आधी तपासून बघितलं. अनिल सुट्टीवर आल्यावर त्याला खेळायला बसवलं. गिरणी चालू ठेवून, बंद ठेवून. नुसता पिवळा. छकुली खेळली, नुसता पिवळा. गल्लीतल्या पोरांना बसवलं, तेच. मग अनिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, कॅसेट डुप्लिकेट असतात, आत धूळ जाते, काहीही दिसतं. मी म्हटलं, असेल. पण मनात मी ते नीट घडी घालून ठेवलं.

पुढच्या वर्षी विलास त्याच्या मामाला घेऊन आला. दुसरं लग्न ठरलं होतं. आता पोरगी पाहिजे होती. मामा म्हणाले, बापाची पोर बापाच्या घरी बरी, नवीन बाईला हाताखाली होईल. पाच वर्षांची पोर हाताखाली! छकुली माझ्या पदराआड भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, तिचे हात थांबले. कायद्याने बाप तो होता. मी कोर्टात जाऊन काय सांगणार होते, जावई गेम खेळत होता म्हणून?

दिवस गिरणीच्या सुट्टीचा होता. मोटार बंद, दुपारचं लख्ख ऊन, पंखा एका लयीत फिरत होता. मी चहा दिला आणि म्हटलं, "पोरगी न्या. कापडं भरून देते. फकस्त जायच्या आदी रणगाड्याचा एक डाव खेळून दावा पोरीला. तिच्या आईची आवड हुती."

विलास म्हणाला, गाडी चुकेल. मामा हसायला लागले. "आरं खेळ की गड्या. एरवी उठवून उठत न्हाईस, आन् आज लाजतुयास व्हय?"

मामासमोर त्याला नाही म्हणता येईना. मी स्वतः डबा जोडला आणि दुसरं रिकामं भोक मामांना बोट लावून दाखवलं. "आवं, बगून ठिवा," म्हटलं. त्यांना काही उमजलं नाही.

एका माणसाचा डाव. पिवळा आला, शेजारी हिरवा आला. तोंड डावीकडे-उजवीकडे. मग त्याने शत्रूकडे पाहिलंच नाही. वळला आणि पिवळ्याला गोळी घातली. पिवळा लुकलुकायला लागला. विलास बटणं दाबतोय, दाबतोय, पिवळा हलत नाही. वरून शत्रू सावकाश उतरला. गेली एक लाईफ.

पिवळा परत आला. परत गोळी. परत खिळला. हिरवा शेजारी नुसता उभा राहून बघत होता, शत्रू येईपर्यंत.

मामांच्या बशीतला चहा निवला. छकुलीने विचारलं, "आजी, कोन खेळतंय?"

मी म्हटलं, "खेळू दे."

शेवटच्या लाईफला विलासने बटणं दाबणं सोडलं. रिमोट मांडीवर पडला होता. टीव्हीकडे बघतच तो म्हणाला, "सुने, मी उठतच हुतो गं."

"न्हाई उठलास," मी म्हणाले. जावयाला अरे-तुरे मी पहिल्यांदा तेव्हा केलं.

पिवळा संपला. मग हिरव्याने एकट्याने उरलेले सगळे शत्रू मारले, एकही पक्ष्याजवळ येऊ दिला नाही. शेवटी गुणांची पाटी आली. एक नंबरच्या खान्यात शून्य.

मामा उठले आणि एवढंच म्हणाले, "विल्या, चप्पल घाल." पोरीचं नाव कोणी काढलं नाही. विलास पायऱ्या उतरताना भिंत धरत होता. मला दया आली का? नाही. मला बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटतं. लोक म्हणतात माफ करावं, त्याने आपलंच मन हलकं होतं. माझं मन त्या दुपारी हलकं झालं, माफ न करता.

त्यानंतर तो कधी आला नाही. त्याने घरातला टीव्ही काढून टाकला असं चाळीतली ती शेजारीण सांगायची.

छकुली आता सांगलीला बँकेत आहे. छकुली म्हटलं की चिडते. तिच्या ऑफिसातल्या पोरांना जुन्या गेम शोधून खेळायचा नाद आहे, म्हणून गेल्या वर्षी तिने आजोबांच्या फौजेच्या ट्रंकेतून तो डबा काढला. कुठलीशी पिन आणून नव्या टीव्हीला जोडला. चालू झाला! आम्ही दोघींनी पुष्कळ वेळ बघितलं. नुसता पिवळा. सांगलीतल्या एका दुकानदाराने डबा उघडून बघितला, काही वेगळं सापडलं नाही. छकुलीला कारण पाहिजे, ती शिकलेली आहे. माझ्याकडे कारण नाही. वस्तू नदीत गेली होती, भोक रिकामं होतं, आणि तो रणगाडा माझ्या मुलीसारखी मान हलवत होता. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा. नसेल तरी माझं काही अडलेलं नाही.

आता तुळशीच्या लग्नानंतर छकुलीचं लग्न आहे. मागच्या आठवड्यात विलासचा निरोप आला. वय झालंय, कन्यादान तेवढं मला करू द्या म्हणतोय. छकुली म्हणाली, आजी, तू ठरव.

मी निरोप उलटा पाठवला. जरूर ये. मांडवात बसायच्या आधी एक डाव खेळायचा, बस्स.

डबा पुढच्या खोलीत जोडून ठेवलाय. अजून उत्तर आलेलं नाही.