दुधातली विजया

२१ ऑक्टोबर २०१८, रविवार. सकाळचं काम नेहमीचं होतं: नवऱ्याच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरणे. सात दिवस, दिवसाला चार खण. आखडलेले स्नायू सैल करायची गोळी तीन वेळा, लघवीची एक, झोपेची अर्धी. एरवी मी हे रेडिओ लावून करते. त्या दिवशी रेडिओ बंद होता, कारण समोर सासरे बसले होते, आणि घरात इंग्रजी बोलणं सुरू झालं की ते आपल्याविषयीच चाललंय असं त्यांना वाटतं.

"एवढ्या गोळ्या खाऊन पोट्टा जेवते कधी?" त्यांनी विचारलं.

"जेवल्यावरच घेतो, बाबा."

"आन् पाय थांबते का त्याचे?"

नव्हते थांबत. तीन आठवड्यांपूर्वी ते अमरावतीहून आमच्याकडे आयर्लंडमध्ये नासला आले, तेव्हापासून रोज बघत होते. नवऱ्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होऊन तीन वर्षं झाली होती. वॉकर धरून तो खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत येई. त्रास चालण्यापेक्षा आखडण्याचा जास्त होता. बसल्या जागी गुडघा आपोआप वर उचलला जाई, पाय काठीसारखा ताठ होई आणि खुर्चीच्या दांडीवर आपटत राही. घोट्यावर कायम निळा डाग असे. सॉफ्टवेअरचं काम तो घरून करायचा. मीटिंगमध्ये पाय आपटायला लागला की माइक बंद करायचा.

डब्लिनच्या मोठ्या डॉक्टरांनी उन्हाळ्यात पहिल्यांदा गांजापासून केलेल्या औषधाचं नाव काढलं. मी घरी येऊन आठवडाभर वाचत बसले, कारण मला न कळलेली वस्तू मी कुणाच्या तोंडात घालत नाही. कळलं ते असं. हेल्थशॉपात बाटलीतून मिळतं ते तेल वेगळं, त्यात नशा आणणारा भाग जवळजवळ नसतो. आम्ही ते दोन महिने जिभेखाली घालून पाहिलं, काही फरक पडला नाही. तोंडात मारायचा स्प्रे होता, त्यात नशेचा आणि बिननशेचा असे दोन्ही भाग सारखे. तो या देशात कागदावर मंजूर होता, पण फार्मसीत मिळत नव्हता. वाळवलेली फुलं होती, ती यंत्रात गरम करून वाफ ओढायची. आणि दोन्ही भाग असलेलं तेल होतं, थेंबाथेंबानं वाढवत न्यायचं. फुलं आणि हे तेल यांच्यासाठी मोठ्या डॉक्टरांना एकेका रुग्णाच्या नावानं आरोग्यमंत्र्यांकडे परवाना मागावा लागे. आमचे डॉक्टर म्हणाले होते, नोव्हेंबरच्या भेटीत ठरवू. रुग्ण नियमानं वागणारा आहे याची मला खात्री हवी, असंही म्हणाले होते.

हे सगळं मी ऑगस्टमध्ये फोनवर बाबांना सांगत होते. ते ऐंशीच्या घरातले, कानानं कमी. स्प्रे म्हणजे काय, वाफ म्हणजे काय, तीनतीनदा सांगून मी कंटाळले आणि म्हटलं, "आपली भांगच समजा, बाबा. तीच वनस्पती."

"मंग त्याले मंत्र्याची परवानगी कायले पायजे?" ते हसले. "आमच्या वैद्याच्या कपाटात हाये."

मीही हसले आणि फोन ठेवला.

त्या रविवारी दुपारी मराठी मंडळाच्या दिवाळीची बैठक डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला होती. फराळाचं माझ्याकडे होतं, म्हणून जाणं भाग होतं. दीडला निघाले. बाबा दाराशी येऊन म्हणाले, "जा तू बिनघोर. म्या हावो." मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? कुणीतरी घरी आहे आणि मी बाहेर पडतेय, असं किती दिवसांनी झालं होतं.

सव्वाचारला चकल्या कोण करणार यावर वाद चालू असताना फोन आला. बाबा कधी स्वतःहून फोन लावत नाहीत.

"तू ये."

"काय झालं?"

"पडला."

अँब्युलन्सला मी गाडीतूनच फोन केला. घरी पोचले तेव्हा त्याला स्ट्रेचरवर घेत होते. चेहरा पांढरा, डोळे लाल, उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. बाबा ओट्याला टेकून उभे होते. गॅसवर दुधाचं पातेलं, त्याच्या तळाशी हिरवट गाळ आणि कडेला तूप. मी पातेल्याकडे पाहिलं आणि बाबांकडे पाहिलं.

हॉस्पिटलात खुब्याचं हाड मोडल्याचं निघालं. रक्तदाब फार खाली होता, नाडी पळत होती, आणि तो अधूनमधून विनाकारण हसत होता. ड्यूटीवरची डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिनं इंग्रजीत विचारलं, नेहमीच्या गोळ्यांखेरीज काही घेतलंय का? मी तोंड उघडायच्या आत बाबा मला म्हणाले, "काहून इचारते ते?"

मुलगी एकदम मराठीवर आली. नागपूरला शिकलेली होती. "आजोबा, मलाच सांगा ना. काय दिलंत त्यांना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"विजया," ते म्हणाले. "म्हंजे भांग. वैद्यानं देल्ली. तुपात परतून दुधात."

"किती?"

"एक चमचा. पाऊण तास झाला तरी काही फरक नाई. मंग अजून एक."

"आजोबा, वाफ ओढली तर काही मिनिटांत कळतं. जिभेखाली घातलं तर त्याहून जरा उशिरा. पोटातून घेतलं की तास-दीड तास काहीच कळत नाही, मग सगळं एकदम चढतं आणि तासन् तास राहतं. पहिला चमचा लागू व्हायच्या आत तुम्ही दुसरा दिलात. वरून त्यांच्या गोळ्यांनी आधीच गुंगी येते."

"आमी शिवरात्रीले लोटा लोटा पेत होतो, पोरी. कोनाले काई नाई झालं."

"तुम्ही चालू शकत होता ना तेव्हा?"

ती दटावण्यासाठी बोलली नव्हती, तिला उत्तर हवं होतं.

मी तिला पडद्याबाहेर घेऊन गेले. सांगितलं की नोव्हेंबरमध्ये परवान्याचा निर्णय आहे, डॉक्टरांनी हे वाचलं तर ते अर्ज करणार नाहीत, तीन वर्षांत एवढी एकच आशा दिसली आहे. "लिहायलाच हवं का?" मी विचारलं. आयुष्यात मी कुणाकडे असली गोष्ट मागितली नव्हती.

"ताई, मी पोलीस नाही," ती म्हणाली. "पण उद्या सकाळच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्याला हे माहीत नसलं तर टेबलावरच त्यांचा जीव जाऊ शकतो. मी लिहिणार." आणि तिनं लिहिलं.

तिचं बरोबर होतं. मला तिचा रागही आला नाही. राग कुणाचा यायला हवा होता ते मला पक्कं माहीत होतं. फोनवर भांगच समजा म्हणणारी बाई मी होते. चार वाक्यं वाचवायला गेले.

परत आले तेव्हा तो जरा शुद्धीत होता. बाबांना बाहेरच्या खुर्चीवर बसवलं होतं.

"बाबांना बोलू नकोस," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं होतं वॉकर सोडून उभं राहायला?"

"पाय शांत होते गं. दोन्ही. जवळजवळ तासभर. मी मांडीवर हात ठेवून बघत होतो. काहीच हलत नव्हतं. बाबांना म्हटलं, बघा. ते रडायला लागले. मग वाटलं, खिडकीपर्यंत जमेल."

तो त्या दिवसानंतर स्वतःच्या पायांवर उभा राहिला नाही. हे आता माहीत आहे. तेव्हा मी चादर नीट केली, त्याच्या चष्म्याची काच पुसली आणि नर्सला पाणी मागितलं. मला रडू येत होतं ते त्या पडण्यामुळे नव्हतं. तीन वर्षं मी त्याच्याशेजारी झोपत होते आणि त्याच्या मांडीवर हात ठेवला तरी काहीच हलत नाही, हे पाहायला मी घरी नव्हते.

घरी जाताना गाडीत बाबा एकच वाक्य बोलले: "माह्या हातानं झालं." मी म्हटलं, "पट्टा लावा, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांनी बॅग भरून जिन्याखाली आणून ठेवली होती. परतीच्या तिकिटाला अजून पाच आठवडे होते. मी बॅगेविषयी काही विचारलं नाही. चहा दिला आणि एक मोठा लिफाफा फाडून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले.

"पहिला चमचा किती वाजता?"

"काहून लिहितं? नको लिहू."

"लिहायचंय. किती वाजता?"

"दोन. दोनले पाच कमी असतील."

"कुठला चमचा?" त्यांनी उठून कपाटातून पोह्यांचा चमचा काढून दाखवला. सपाट की शीग लावून, तूप किती, दुसरा कधी, पाय थांबले तेव्हा घड्याळ पाहिलं होतं का. पाहिलं होतं. तीन वाजून वीस मिनिटं. म्हाताऱ्यानं सगळं मिनिटागणिक लक्षात ठेवलं होतं.

नऊला मी डब्लिनच्या डॉक्टरांच्या सेक्रेटरीला फोन लावला. म्हटलं, हॉस्पिटलचा कागद तुमच्याकडे येईल, त्याआधी माझं ऐका. काय दिलं, कसं दिलं, किती, आणि तो कसा पडला ते सांगितलं. मग सांगितलं की तीन वीस ते चार दहा त्याचे दोन्ही पाय पूर्ण शांत होते. हेही लिहून घ्या.

तिनं विचारलं, "तुम्हाला दोन्ही फाइलमध्ये हवंय? नक्की?"

"दोन्ही. एकाखाली एक."

"ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत ठीक, आणि तिनं मला वेळा पुन्हा सांगायला लावल्या. नोव्हेंबरची भेट आहे तिथंच राहील, पुढचं डॉक्टर बघतील, एवढंच ती सांगू शकत होती. बाबा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण आकडे आले की मान हलवत होते.

फोन ठेवल्यावर मी बॅग उचलून वर त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. खाली येऊन म्हटलं, "बाबा, कोट घाला. अकराला ऑपरेशन आहे."