भाजलेली माती

अख्ख्या बदनापुरात मुंगीला वाट द्यायची म्हणून गिऱ्हाइकाला थांबवणारा व्यापारी एकच होता, आणि मी त्याच्याच घरात भाड्याने राहत होतो. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मी सरकारी रोपवाटिकेत नवा मदतनीस. घरमालक काकाजींचं कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पाणी गाळून प्यायचे ते ठीक, पण गाळण्यात अडकलेलं न दिसणारं काहीबाही ते परत विहिरीत सोडून यायचे. बाकावर बसण्याआधी उपरण्याने झटकायचे, तेही असं की धूळसुद्धा दुखावू नये. एकदा कापड मोजायच्या गजावर मुंगी चढली. लुगडं घ्यायला आलेल्या बाईंना काकाजी म्हणाले, "थोडं थांबा बाई, हिला उतरू द्या." बाई शेजारच्या दुकानात गेल्या. काकाजी मुंगी उतरेपर्यंत बघत राहिले.

घरामागे, रोपवाटिकेच्या कुंपणाला लागून, त्यांची मोसंबीची दहा-बारा झाडं होती. नवं रोप लावलं की ते जुन्या झाडाच्या बुंध्याजवळची ओंजळभर माती आणून त्याच्या मुळाशी घालायचे. "नव्या जागी करमत न्हाई त्याला," म्हणायचे. "ओळखीचं कोणीतरी सोबत पाहिजे." मी ही गोष्ट रोपवाटिकेतल्या गड्यांना रंगवून सांगायचो.

एका वर्षी आमच्या वाफ्यांतली रोपं मूळकुजीने गेली. माती भाजली की रोग मरतो, एवढं मला शिकवलेलं होतं. मी मोठी काहील मांडून माती भाजायला लावली. धूर बघून काकाजी आले.

"साहेब, त्यात जीव हायेत."

"रोगाचे जीव आहेत, काकाजी. मारायचेच आहेत."

"सगळेच कसे रोगाचे असतील? झाडाच्या कामाचे पण असतील कोणी."

"तुम्ही कापड मोजा," मी म्हणालो. "मातीचं मला कळतं."

गडी हसले. काकाजी निघून गेले.

भाजलेल्या मातीत रोग आला नाही, पण रोपंही वाढेनात. चार बोटांवर येऊन पिवळी पडली. मी शेणखत घातलं, पाणी वाढवलं. काही फरक नाही. खात्याच्या मोठ्या साहेबांची तपासणी जवळ आली तशी माझी झोप उडाली. मग एके सकाळी काकाजी धोतराच्या तुकड्यात परसातली माती बांधून घेऊन आले. "हरकत नसेल तर दोन ओळींना घालून बघू," एवढंच म्हणाले. त्या दोन ओळी महिन्या-दीड महिन्यात हिरव्यागार झाल्या.

साहेबांनी नेमकं तिथेच थांबून विचारलं, "इथे काय केलंत?" काकाजी कुंपणापलीकडे उभे होते. मी म्हणालो, "खताची मात्रा बदलून पाहिली, साहेब." साहेबांनी पाठ थोपटली. पुढे मला बढतीही मिळाली.

काही वर्षांनी खात्याने शिकायला पाठवलं, तेव्हा अध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक मूळ दाखवलं. त्यात बुरशीचे बारीक धागे शिरले होते. मूळ जिथवर पोहोचत नाही तिथून ते स्फुरदासारखं अन्न झाडाला आणून देतात, झाडाकडून साखर घेतात आणि कुजव्या रोगांना सहजासहजी आत येऊ देत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मला काकाजींनी धोतराच्या तुकड्यात बांधून आणलेली माती आठवली.

सुट्टीत बदनापूरला गेलो. काकाजी थकले होते. मी त्यांना धाग्यांचं सांगितलं आणि साहेबांपुढे बोललेलं खोटंही कबूल केलं.

"ते तर मी तेव्हाच ऐकलं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे काहिलीत ते सगळे मेले?"

"हो."

"तुम्हाला ठावं नव्हतं. मला वाटत होतं बराबर, तरी चार लोक हसले म्हणून मी निघून गेल्तो. थांबायला पाहिजे होतं."

त्यांनी मान खाली घातली. माफी मागायला मी गेलो होतो आणि शरमून तेच बसले होते. आतून चहा आला. तो निवून गेला तरी आम्ही दोघं परसातल्या झाडांकडे बघत बसलो.