ग्वारीघाटची पाणमांजरं आणि बाबांचे कान

एकाहत्तरची लढाई चालू होती. जबलपूरच्या कारखान्यात तोफांची चाचणी करणाऱ्या माझ्या बाबांना कितीतरी आठवड्यांनी एक रविवार मोकळा मिळाला. मी प्राणिशास्त्र शिकत होते. म्हटलं, चला, पाणमांजरं पाहू.

कारखान्याच्या क्वार्टरमधून सायकलींवर निघालो. पहाटेच निघावं, ऊन चढलं की ही जनावरं दडतात. नर्मदेवरच्या ग्वारीघाटला पोहे-जलेबी खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. नावेचं भाडं बसण्याआधीच ठरवा.

वरच्या अंगाला खडकांपाशी नावाड्यानं वल्ही थांबवली. पाणमांजरं मासे खात होती, एकमेकांना बारीक शिट्ट्या घालत होती.

"बाबा, शिट्टी ऐकली?" मी हळूच विचारलं. उत्तर नाही. "बाबा!"

सगळी पाण्यात गडप.

"काहून ओरडून राहिली? पळवलं ना! मुकी दिसतात बिचारी," बाबा म्हणाले.

नावाडी हसला. "बाबूजी, इतनी तो सीटी मार रहे थे!"

मी बाबांच्या कानांकडे पाहिलं. आमच्या क्वार्टर्समध्ये सगळेच ओरडून बोलत. पुरुष कारखान्याच्या सवयीनं, बायका-मुलं त्यांना ऐकू जावं म्हणून. कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला हळू बोलायला शिकवलं, तर घरी मीच शिष्ट ठरले. त्या आरड्याओरड्यात बाबांचे कान गेलेले कोणालाच कळले नव्हते.

परतताना मी मोठ्यानं समजावलं. आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते. बारीक आवाज तिच्या तोंडाशीच टिपले जातात, आणि धडाक्यांनी बहुधा तोच भाग आधी जातो. पाणमांजराचा आतला कान देवमाशासारखा पुरता पाण्याचा झालेला नाही. पण बुडी मारताना ते कान मिटून घेतं.

"तुम्ही काय मिटता?"

"कानात कापूस घातला तर कारखान्यात सगळे नाजूक दुल्हन म्हणतात."

"म्हणू द्या. दुल्हनला वरात तरी ऐकू येते."

अजून संताप होतो. तोफेच्या नळीला तेल, झाकण, तपासणी. शेजारी उभ्या माणसाच्या कानाला चिंधीसुद्धा नाही!

सोमवारी ड्यूटीवर निघताना बाबांनी आईच्या वातींच्या डब्यातून कापूस उचलला.

"अहो, देवाचा आहे तो!" आई ओरडली.

ते थांबले नाहीत. ऐकू आलं नाही की ऐकलं नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून आई वातींबरोबर दोन बोळेही वळू लागली.

पाणमांजराची शिट्टी बाबांना पुढेही कधी ऐकू आली नाही. आईचं ओरडणं मात्र म्हातारपणापर्यंत येत होतं, आणि त्याची ते रोज तक्रार करत.