माळ्यावर आलेले लांडगे

नार्नूरकडच्या त्या शिवारात जवारी दाण्यात आली, की शेवंताबाई सकाळपासून शेतातल्या उंच माळ्यावर बसून पाखरं हाकलायची. शेजारच्या शेतांतून तिच्या हाळीला हाळी मिळायची. एखाद्याची हाळी थांबली, तर तिकडे वाघ आला असंच सगळे समजायचे.

त्या दिवशी मास्तरीण लेकीनं आणलेली, रशियातल्या जुन्या काळची कादंबरी तिच्या मांडीवर होती. भाषा इतकी देखणी, की ती एकेक ओळ दोनदा वाचायची आणि मधेच हाळी द्यायची. मग गोष्टीत बर्फातून पळणाऱ्या घोडागाडीमागे लांडगे लागले. घोडा अडखळला. शेवंताबाईची हाळी राहूनच गेली.

कुऱ्हाड घेऊन शेजारच्या शेतातून तिचा दीर दौलत धावत आला. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"वयनी! वाघ कुठं हाय?"

"लांडगे हायेत," तिनं बोट पुस्तकावर ठेवलं. "गाडीत लहान लेकरं हायेत, भाऊजी."

"पुस्तकापायी? माहा जीव गेला असता ना!" दौलत भडकून माघारी वळला. चार पावलांवर थांबला.

"लेकरांचं काय झालं मंग?"

"पान उलटाची हिंमतच होऊन नाही राह्यली."

कुऱ्हाडीसकट तो माळ्यावर चढला आणि तिच्याशेजारी टेकला.

"उलट आता. मी हावो ना."