कुंपणापलीकडून आलेलं टर्कीचं उत्तर

आधीच सांगतो, मी थकलेला माणूस आहे. भुताखेतांवर विश्वास ठेवायलाही अंगात थोडी हौस लागते... ती माझ्यात कधीच नव्हती. अमावस्या, पिंपळ, उलटे पाय — हे ऐकताना मला जांभई यायची. आमचे बाबा तर नागपूरला कॉलेजात आयुष्यभर फिजिक्स शिकवून रिटायर झालेले, त्यामुळे घरात असल्या गोष्टींना थारा नव्हताच. तरी लिहितोय, कारण केतकी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, एकदाचं लिहून टाक, निदान माझं डोकं खाणं तरी बंद होईल.

२००६ सालचा मार्च-एप्रिल. नॉटिंगहॅमच्या उत्तरेला आमचं भाड्याचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर होतं. मागे लांबट गार्डन, शेवटी लाकडी कुंपण आणि कुंपणापलीकडे बंद पडलेली जुनी रेल्वे लाइन. रूळ कधीच उखडून नेलेले. त्या जागी काटेरी झुडपं इतकी माजली होती की कुत्रीसुद्धा आत शिरत नसत. त्याच्याही पलीकडे लोकांचे भाजीपाल्याचे वाफे.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून त्यांना व्हिजिटर व्हिसावर आणलं होतं. आणि इथल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमधून घरी आले ते निम्मे होऊन. फिजिओने ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं — नळीतून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर चढवायच्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, हा व्यायाम केला नाही तर फुप्फुसाचा खालचा भाग उघडणार नाही, परत इन्फेक्शन होईल, आणि दुसऱ्या वेळी त्यांना ते झेपेल याची खात्री नाही. बाबांनी एक गोळी कशीबशी वर नेली आणि यंत्र खिडकीत ठेवून दिलं.

"बाबा, करत का नाही तुम्ही?"

"कोणासाठी करू?" ते म्हणाले.

मी महिनाभर घरून काम करायची परवानगी काढली होती. दिवसभर लॅपटॉपवर क्लायंटची बोलणी खायची आणि मध्येमध्ये जाऊन बापाला श्वास घे म्हणून विनवायचं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग यायचा. आणि राग येऊन झाला की रडू यायचं.

शेजारी वॉल्टर राहायचा. सत्तरी ओलांडलेला, मूळचा अमेरिकेतला, अलाबामाचा. इथल्या बाईशी लग्न करून आलेला आणि ती वारल्यावर इथेच राहिलेला. दोन गार्डन्समधल्या कुंपणावरून बाबांचा खोकला ऐकून एक दिवस तो हातात लाकडाची बारीक नळी घेऊन आला. एका टोकाला हाडाची चोच, दुसरं टोक छोट्या कर्ण्यासारखं उघडलेलं. ट्रम्पेट कॉल म्हणतात त्याला. त्याच्याकडचे शिकारी म्हणे झाडाला टेकून बसतात, यातून जंगली टर्कीच्या मादीचा आवाज काढतात, आणि नर शोधत येतो.

बाबांनी हातात घेतली आणि आपल्याकडे कोणीही करेल तेच केलं. गाल फुगवून, शंख फुंकतात तशी जोरात फुंकली. नुसतं फुस्स!

"नो नो, प्रोफेसर. डोन्ट ब्लो. किस इट," वॉल्टर म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "अबे, मुका घे म्हणतो हा!"

आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसले. मग बराच वेळ खोकले.

गंमत अशी की ती नळी फुंकायची नसतेच. ओठ चोचीवर टेकवून श्वास झटक्याने आत ओढायचा, त्याचा आवाज होतो. आवाज झाला की मग श्वास बाहेर सोडायचा. म्हणजे तीन गोळ्यांचंच काम! वॉल्टरने हे मुद्दाम केलं का, त्याने कधी सांगितलं नाही. पण ओढलेल्या हवेतून असा आवाज का निघतो, हे डोक्यात शिरल्यावर बाबा काही स्वस्थ बसेनात. रोज चहा झाला की अंगावर शाल, कानटोपी आणि गार्डनमधल्या खुर्चीवर ते. आधी नुसती चिरचिर. मग हळूहळू "क्यॉव... क्यॉव..." जमायला लागलं. तिसऱ्या हाकेला मात्र श्वास तुटायचा, छातीत खरखर व्हायची आणि आवाज फाटायचा. नेहमी तिसऱ्यालाच.

आणि एका दुपारी कुंपणापलीकडून उत्तर आलं.

"क्यॉव, क्यॉव, क्यॉव." स्वच्छ, एकसारखं. बाबांच्यापेक्षा कितीतरी चांगलं.

मी म्हटलं वॉल्टरच चेष्टा करतोय. पण वॉल्टर आमच्याच गार्डनमध्ये, माझ्या शेजारी, हातात चहाचा मग घेऊन उभा होता. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. "या देशात जंगली टर्की नाहीत," तो हळूच म्हणाला. मग कुणीतरी पाळलेली असेल म्हणून मी पलीकडच्या वाफेवाल्यांकडे चौकशी करून आलो. एकाकडे कोंबड्या होत्या. टर्की म्हटल्यावर तो म्हणाला, ख्रिसमसला विचार.

त्यानंतर रोज उत्तर यायला लागलं. केतकीनेही ऐकलं, म्हणजे एकट्या माझ्या थकलेल्या डोक्याचे खेळ नव्हते. बाबा तर हरखलेच. सकाळपासून विचारायचे, चहा केव्हा होतो रे? जेवायला लागले. जिना चढायला लागले. "ती वाट बघते बाप्पा," म्हणायचे... आणि हे म्हणणारा माणूस फिजिक्सचा! बाप श्वास घेतोय ना, मग पलीकडे कोण का असेना.

पहिल्यांदा लक्षात आलं ते वॉल्टरच्या. बाबांची तिसरी हाक आता फाटत नव्हती. एकसंध, गोल निघत होती. पण पलीकडची तिसरी हाक...

"तुझे वडील सुधारले," वॉल्टर म्हणाला. "ती बिघडलीय."

मी नीट कान देऊन ऐकलं. पलीकडून दोन हाका नीट आल्या आणि तिसरीला तीच खरखर. तोच फाटलेला आवाज, जो मी इतके दिवस बाबांच्या नळीतून ऐकत होतो. पुढच्या काही दिवसांत तो वाढतच गेला.

शेवटी एका शनिवारी भर दुपारी, लख्ख उन्हात, मी जाड जॅकेट आणि बागकामाचे हातमोजे घालून कुंपणावरून पलीकडे उतरलो. बाबांना सांगितलं, तुम्ही चालू ठेवा. काटे बाजूला करत पुढे सरकलो. मागून बाबांची हाक आली. आणि उत्तर माझ्या अगदी समोरून आलं. हात लांब केला असता तर लागलं असतं काहीतरी, इतक्या जवळून. जमिनीवरून नाही, माझ्या छातीच्या उंचीवरून. समोर नुसता काटेरी झुडपांचा विरळ पडदा, पलीकडचं आरपार दिसत होतं. पीस नाही, पान हललं नाही.

इथवर मी कसंही समजावलं असतं स्वतःला. पण तिसरी फाटकी हाक संपली आणि समोरून कुणीतरी श्वास सोडला. लांब, दमलेला. मग खोकला.

पक्षी आवाज काढताना श्वास बाहेर टाकतो, हे मला नंतर वॉल्टरने सांगितलं. हाक मारून झाल्यावर श्वास सोडतो तो नळी ओढणारा माणूस.

मी काट्यांनी चेहरा ओरबाडून घेत परत आलो. बाबांना सांगणार नव्हतो, पण त्यांनी माझं तोंड बघून काढून घेतलंच. ऐकलं. मग नळी शालीत गुंडाळून ठेवली.

"बस झालं आता," ते म्हणाले. "कोणाच्या जिवावर किती ओढायचं?"

"बाबा, तुम्ही पण ना! व्यायाम बंद करू नका."

"अरे, खिडकीत आहे ना ते यंत्र."

आणि खरंच त्या दिवसापासून निमूटपणे गोळ्या उडवायला लागले. तिन्ही वर. चेकअपला एक्स-रे स्वच्छ आला, विमानप्रवासाला डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं. निघायच्या सकाळी ते कुंपणापाशी जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने "थँक्यू" म्हणाले. मी विचारलं, इंग्रजीत कशाला? तर म्हणे, इथलीच असेल ती, तिला मराठी कुठून येणार!

नळी जाताना माझ्या हातात दिली. म्हणाले, अधूनमधून हाक मारत जा, चौकशी केल्यासारखं. मी शिकलो. माझं वेडंवाकडंच निघतं, पण निघतं. दर रविवारी ओढत राहिलो. पलीकडून एकदाही काही आलं नाही. वॉल्टर कुंपणाशी यायचा, थोडा वेळ थांबायचा आणि मान हलवून आत जायचा.

मला याचं कारण आजही माहीत नाही. कुणी म्हणेल प्रतिध्वनी. प्रतिध्वनी खोकत नाही. ओळख ना पाळख... कुणी परक्या माणसासाठी असं का करावं, हेही मला कळत नाही, आणि विचार करून करून मी दमलो.

बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, "आली का रे?" बरेच आठवडे मी "ऐकलं नाही नीट" म्हणून वेळ मारून नेली. एकदा मात्र खरं सांगितलं. नाही बाबा, कोणीच येत नाही.

नागपूरहून फोनमध्ये फक्त त्यांचा श्वास ऐकू आला. खोल, शांत, कुठेही न तुटणारा. मला बरं वाटलं, मुलाला वाटतं तसं. आणि पाठोपाठ वाटलं की हाच श्वास आता कुंपणापलीकडच्या कुणाकडे तरी नाहीये. मी फोन ठेवला नाही, तसाच कानाला लावून ऐकत बसलो.