उंबरठा नसलेलं दार

विनीता साखळकर हल्ली संध्याकाळी देवापुढे दिवा लावतात, तेव्हा घरच्यांबरोबर ईश्वर रामटेक्यांचंही भलं मागतात. सोसायटीतल्या जुन्या लोकांना हे ऐकून ठसकाच लागेल. कारण कालपरवापर्यंत रामटेक्यांचं नाव निघालं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची आणि ती संध्याकाळपर्यंत उतरायची नाही.

बाई मूळच्या सांगलीच्या. नवरा रमाकांत मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत इंजिनियर, त्यामुळे लग्न होऊन आल्या त्या लखनौच्याच झाल्या. उभा संसार सरकारी क्वार्टरमध्ये केला. खिळा ठोकायचा तरी कुणाला तरी विचारा, अशी गत. म्हणून संस्थेतल्या लोकांनी मिळून मलिहाबादच्या रस्त्याला सोसायटी बांधायची ठरवली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरासाठी एकच हट्ट धरला. दाराला उंबरठा हवा. चांगला सागवानी, दिवाळीला पुजता येईल असा. बिनउंबरठ्याच्या घराला त्या गोडाऊन म्हणत. सांगलीच्या सुताराकडून त्यांनी तो करूनही आणला, चादरीत गुंडाळून, बर्थखाली ठेवून. रात्रभर टीसीपेक्षा त्यांचंच त्याच्यावर जास्त लक्ष.

आणि नेमके बांधकाम समितीचे प्रमुख निघाले रामटेके. भंडाऱ्याचे, रमाकांतरावांचेच सहकारी. माणूस बोलायला गोड, पण नियमाची गोष्ट आली की दगड. नव्या वसाहतीसाठी शहराची जी मानकं होती, रस्ता किती रुंद, मोकळी जागा किती, झाडं किती, ती बाकीच्यांना कटकट वाटत. रामटेक्यांना त्यांत रस. फाटकापासून लिफ्टपर्यंत चाकाची खुर्ची विनाअडथळा जायला हवी, अशी त्यांत एक अट होती. रामटेक्यांनी ती आणखी पुढे ओढली. बाहेरची पायरी काढून टाकायची आणि घराच्या दारात चार इंचांचं लाकूड आडवं टाकायचं, हे कसलं शहाणपण? कुठल्याच फ्लॅटला उंबरठा नको, असं त्यांनी मीटिंगमध्ये मांडलं.

विनीताबाई तिथेच उठून उभ्या राहिल्या. "आपल्या सोसायटीत कुणी तरी आहे का खुर्चीवर? कुणासाठी हे सगळं?"

"आज नाही, वहिनी," रामटेके म्हणाले. "पण उद्या कोण कसं येईल, आपल्याला काय माहीत?"

"तुमच्याकडे उंबरठा पुजत नाहीत, म्हणून तुम्हाला त्याची किंमत नाही."

बोलून गेल्या खऱ्या. रामटेक्यांनी समोरचे कागद नीट केले आणि ठराव मताला टाकला. मग हात वर झाले आणि ठराव पास झाला. रमाकांतरावांचा हातही त्यांत होता, ज्याची किंमत त्यांनी पुढे कित्येक दिवस बिनसाखरेच्या चहाने मोजली.

नशीब असं की राहायला आल्यावर दोन्ही घरांची दारं समोरासमोर. बेबीताई, म्हणजे रामटेक्यांची बायको, आणि विनीताबाई यांचं छान जमलं. साहेबांशी मात्र अबोला. दिवाळीला रामटेक्यांकडे फराळाचं ताट जायचं, लाडू, करंजी, शेव, सगळं. फक्त चकली नसायची. कारण साहेबांना चकली जीव की प्राण, हे बेबीताईंनीच सांगून ठेवलं होतं. सागवानी उंबरठा बाल्कनीत गेला. त्यावर तुळशीच्या कुंड्या बसल्या.

मग बाईंच्या मुलाने, प्रथमेशने, लग्न ठरवलं. मुलगी नयना, अलीगंजच्या मराठी घरातली, बँकेत नोकरीला. कॉलेजात असताना स्कूटरला अपघात झाला, तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीवर. प्रथमेशने आईला सगळं आधीच सांगितलं होतं. बाईंनी रात्रभर विचार करून हो म्हटलं, पण मनात धाकधूक होतीच. ती पहिल्यांदा चहाला येणार त्या दिवशी त्यांनी वॉचमनला सांगून ठेवलं, "भैया, बुलाऊँ तो आ जाना, बहू को उठाना पड़ेगा."

पोहे परतत त्या खालून येणाऱ्या प्रथमेशच्या हाकेची वाट बघत होत्या. हाक आलीच नाही. मागून आवाज आला, "आंटी, नींबू मैं काट दूँ?"

वळून पाहिलं तर नयना स्वयंपाकघरात. प्रथमेश अजून खाली गाडी लावत होता. फाटक, लिफ्ट, व्हरांडा, उघडं दार, सगळं पार करून मुलगी एकटी आत आली होती, आणि घरात कुणाला पत्ताही नव्हता.

लिंबू चिरता चिरता ती म्हणाली, "हमारे यहाँ गेट पे तीन सीढ़ी हैं. भाई घर पे हो तभी निकलती हूँ. लग्नात सगळं करीन मी, आंटी. बस एक ही बात, मुझे गोद में उठाके मत लाना."

विनीताबाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे चार इंचांचा सागवान असता तर आज हीच मुलगी बाहेर थांबली असती, आणि उचलायला त्यांनी स्वतः माणूस ठरवून ठेवला होता. मागे कढईत पोहे करपले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऐन जानेवारीत चकलीची भाजणी भाजली. डबा घेऊन स्वतः समोरच्या दारात गेल्या.

"रामटेके साहेब, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. माझं चुकलं. आणि तुम्ही ऐकलं नाहीत, त्याबद्दल तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

साहेबांनी डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "वहिनी, त्या बोलण्याचं वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?" ते म्हणाले. "पण चकलीचं जास्त वाटत होतं." आत बेबीताई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

लग्न झालं. अलीगंजच्या हॉलवरून वरात घरी आली. बाईंनी दारात उंबरठ्याच्या जागी रांगोळीची एक सरळ रेघ ओढली आणि तिच्यावर तांदळाचं माप ठेवलं. नातेवाइकांच्या मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रामटेके पतिपत्नीला त्यांनी हात धरून पुढे आणलं. सांगलीची एक मावशी कुजबुजली, "पाय कसा लावणार गं ही?"

नयनाने ते ऐकलं. खुर्ची अलगद पुढे घेतली आणि उजव्या चाकाने माप लवंडलं. तांदूळ घरभर पसरले. आता अन्नावरून चाक कसं न्यायचं, म्हणून ती तिथेच थांबली.

विनीताबाई नव्या पैठणीसकट खाली बसल्या. दोन्ही हातांनी तांदूळ दोन बाजूंना सारून त्यांनी मधे वाट केली. "ये," त्या म्हणाल्या.

ती आत आली. कुणी खुर्चीला हात लावला नाही. देवघरापर्यंत गेली, नमस्कार केला, मग खुर्ची वळवून पुन्हा दाराशी आली.

"आई, एक बार और आऊँ?"

ती व्हरांड्यात रामटेक्यांच्या दारापर्यंत जाऊन परत वळली. बाईंचे डोळे इतके भरले होते की त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं. पण तांदूळ वाटेत घरंगळू नयेत म्हणून दोन्ही हात तसेच धरून, ती येईपर्यंत त्या खाली बसून राहिल्या.