घोट्यापर्यंतचे बूट

जयमालाला बूट हवे होते ते पायासाठी. ती लॅबकडून घरोघरी जाऊन रक्त काढते; सकाळी सहा ते दहा, वाशी ते कोपरखैरणे, चौदा घरं. मागे एका टॉवरच्या वॉचमननं, लिफ्ट रहिवाशांची आहे म्हणून, तिला जिन्यानं पिटाळलं. सहाव्या मजल्यावरून उतरताना घोटा मुरगळला, आणि तेव्हापासून पाऊल टेकलं की कळ थेट डोक्यात जायची.

मॉलमध्ये तिनं ते कॅनव्हासचे बूट पाहिले. काळे, पांढऱ्या सोलचे, घोट्याच्याही वर नाड्या. पायात घालून आवळले आणि काय बरं वाटलं म्हणून सांगू! तरी घ्यायचे की नाही यात तीन रविवार गेले. नवरा हरेश म्हणाला, "तेवढ्या पैशांत माझे चार जोड येतील. आणि तू काय कॉलेजात चाललीस?" कॅनव्हास तो, घोट्याला आधार असा कितीसा देणार, हे तिलाही कळत होतं. शिवाय चौदा दारांत चौदा वेळा नाड्या सोडा नि बांधा. पण चाळिशी उलटली तरी एकही वस्तू तिनं नुसती आवडली म्हणून घेतली नव्हती. खोटं कशाला बोला, तिला ते हवेच होते.

शेवटी तिनं तोड काढली. लॅबमध्ये बुटांवर चढवायची निळी प्लास्टिकची कव्हरं मिळतात. दारात ती चढवायची नि आत जायचं. शनिवारी बूट घेतले.

सोमवारी पहिलं घर वाशीचं, दर महिन्याला साखर तपासणाऱ्या मॅडमचं. दार उघडताच त्यांनी पायांकडं बघितलं.

"बूट बाहेर."

"मॅडम, वरून नवं कव्हर चढवलंय."

"आमच्याकडे देव आहेत. तुमच्यात चालत असेल."

तुमच्यात! जयमालाच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजवर कुणाची चप्पल उंबऱ्याच्या आत आलेली नाही. पण बोलायची सोय नव्हती. उलट बोललं की लॅबच्या ॲपवर एक स्टार, नि स्टार घसरले की घरं कमी. ती पायरीवर बसून नाड्या सोडू लागली. मॅडम घड्याळ बघत उभ्या.

दंडाला पट्टा बांधला, शीर सापडली, सुई आत गेली, तेवढ्यात मॅडमचा मुलगा शिवतेज कुत्र्याला फिरवून आला. पायात अगदी तसलेच बूट. तो फरशीवर ओली माती उमटवत देव्हाऱ्यासमोरून स्वयंपाकघरात गेला, फ्रिज उघडला नि उभ्यानंच पाणी प्यायला.

"पोहे देऊ का रे?" मॅडमनी विचारलं.

जयमालाचे कान तापले. हात मात्र हलला नाही. सुई आत होती ना. सुई काढून कापूस दाबताना तिच्या तोंडून निघूनच गेलं, "मॅडम, त्यांचे बूट..."

"अहो, तो घरातला आहे," मॅडम म्हणाल्या.

दुपारी ॲपवर एक स्टार आला. खाली लिहिलं होतं, 'दारात फार वेळ घालवतात.' त्या आठवड्यात चौदाची नऊ घरं झाली. जयमाला ढसाढसा रडली, आणि वर हरेशचं "सांगितलं होतं" ऐकून घेतलं.

पुढच्या महिन्यात ती त्याच दारात रबरी स्लीपर घालून, लंगडत गेली. मॅडमनी खाली बघितलं नि हसल्या. म्हणाल्या, "हे बरं केलंत." तिच्यासमोरच फोन काढून त्यांनी पाच स्टार दिले. जयमाला थँक्यू म्हणाली.